कर्नलच्या शक्तीच्या गोळ्या

कर्नलला पाच आठवडे सांभाळण्यात अविनाश टिपणीसचा फायदा एकच होता, पण तो रोज सकाळी नऊला सुरू होऊन संध्याकाळी साडेपाचला संपणारा होता. त्या फायद्याचं नाव जनरल शिफ्ट. तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यात अविनाश अकरा वर्षं स्टोअरकीपर होता आणि अकरा वर्षं पाळ्या करत होता. एक आठवडा उजाडायच्या आधी निघायचं, एक आठवडा दुपारचं जेवून, आणि एक आठवडा सगळं नवं पनवेल अंथरुणं घालत असताना डबा घेऊन बसस्टॉपवर उभं राहायचं. झोप त्याच्याकडे यायची ती चुकलेल्या पाहुण्यासारखी, वेळीअवेळी दार वाजवून.

त्र्याण्णवच्या एप्रिलमध्ये स्टोअरमधली दिवसपाळीची खुर्ची रिकामी झाली. तिच्यावर डोळा दोघांचा. एक अविनाश, दुसरा बाळू निकम. बाळू साहेबांच्या गावचा. अविनाश कुणाच्याच गावचा नव्हता. म्हणजे खुर्ची कुठे जाणार हे कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

साहेब म्हणजे फॅक्टरी मॅनेजर विश्वजीत मोहिते. कंपनीने त्यांना पाच आठवडे जर्मनीला पाठवायचं ठरवलं, सोबत त्यांच्या मिसेस अरुंधतीबाई निघाल्या, आणि मागे राहिला त्यांचा अल्सेशियन कुत्रा, कर्नल. साहेबांनी आधी बाळूलाच विचारलं. बाळूच्या बायकोला त्या क्षणी दमा झाला. मग कँटीनमध्ये साहेब चहा ढवळत म्हणाले, "कुत्र्याचं काय करावं समजत नाही बुवा." आणि ज्याने जन्मात कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला नव्हता तो अविनाश उभा राहून म्हणाला, "सर, आमचं ग्राउंड फ्लोअर आहे."

घरी आशालताने हे ऐकलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"ग्राउंड फ्लोअर तुमच्या एकट्याचं आहे का?"

"अगं, शहाणा कुत्रा आहे. साहेबांचा आहे."

"साहेबांचा आहे म्हणून कमी शेपूट हलवणार आहे का? दोन खोल्यांत फुलदाणी राहायची नाही माझी."

"जनरल शिफ्ट मिळेल, आशा."

आशालताचा हात सुपात थांबला. अकरा वर्षं दर तीन आठवड्यांतला एक आठवडा ती घरात एकटी झोपली होती, कडीला आतून वरवंटा लावून. तिने मनातल्या मनात वरवंटा एका बाजूला ठेवला, फुलदाणी दुसऱ्या बाजूला. "कधी येतोय?" तिने विचारलं.

वडाळे तलावाजवळच्या बंगल्यातून कर्नल आला तो नवरदेवासारखा, सामानासकट. गादी, वाडगा, ब्रश, लसीकरणाची फाइल आणि टॉनिकची एक बाटली. अरुंधतीबाई म्हणाल्या, "ह्या शक्तीच्या गोळ्या. सकाळी आठला एक, रात्री आठला एक. चपातीच्या तुकड्यात घालून द्यायची. एकही चुकवायची नाही हं." दारात त्यांनी ते पुन्हा सांगितलं. गाडीत बसल्यावर काच खाली करून तिसऱ्यांदा सांगितलं. टॉनिकसाठी एवढा जीव टाकणारी बाई बघून एखाद्या स्टोअरकीपरला शंका यायला हवी होती. पण त्या दिवशी अविनाशच्या डोळ्यांपुढे खुर्ची होती, आणि खुर्चीच्या मागचं दिसत नाही.

बारा दिवस सगळं झकास चाललं. कर्नलने फुलदाणीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आशालता शिजवलेल्या बांगड्याचे काटे काढू लागली की तो तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचा, आणि तीही त्याच्याशी असं बोलायची जसं नवऱ्याशी लग्नानंतर फारसं बोलली नव्हती.

घोटाळा केला मे महिन्याने. आशालताच्या लेखी जगात दोनच प्रकारचे पदार्थ होते, उष्ण आणि थंड. पपई उष्ण, अंडं उष्ण, शेंगदाणे तर विचारूच नका. आणि टॉनिक म्हणजे उष्णाचा बाप. कर्नल जीभ बाहेर काढून धापा टाकत बसलेला बघून तिचा जीव कळवळला.

"असल्या उन्हाळ्यात त्याच्या पोटात शक्ती कसली कोंबताय? बघा कसा तापलाय. आजपासून बंद. मी ताकात सब्जा घालून देते."

"बाईंनी चुकवू नका म्हटलंय."

"बाई जर्मनीत आहेत. तिथे बर्फ पडत असेल. पावसाळा लागला की देऊ."

अविनाशने विचार केला. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. गोळ्या उरल्या असत्या, बाटली परत करताना शिल्लक दाखवता आली असती. शिल्लक दाखवणं हे स्टोअरकीपरचं व्यसन असतं. "बरं," तो म्हणाला, आणि बाटली फ्रिजवर गेली.

पाचव्या दिवशी रविवार होता. सकाळचे साडेनऊ, घरात रेडिओ चालू. दारात उरणकडची सत्यवती कोळीण पाटी उतरवून बसली होती आणि आशालता नेहमीप्रमाणे तिच्याशी भावावरून हुज्जत घालत होती.

"वयनी, या भावान मी तुमाला बांगड्याचा वास पन नाय देनार."

"वास तर फुकटच येतोय, सत्यवती. दोन कमी कर."

इतक्यात आत काहीतरी धप्पकन पडलं. कर्नल जमिनीवर आडवा होता. पाय लाकडासारखे ताठ, मान मागे वळलेली. मग पाय चालू लागले, आडवाच धावत असल्यासारखे. दातावर दात आपटत होते, तोंडातून फेस येत होता, खालून लघवी.

"गेला!" अविनाश ओरडला. "साहेबांचा कुत्रा गेला!"

कुत्र्याबरोबर खुर्चीही गेली, हे त्याने तोंडाने म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आशालता मात्र कामाला लागली. "चप्पल! चप्पल हुंगवा त्याला!" अविनाशने पायातली काढून कर्नलच्या नाकाला लावली. आशालताने मुठीने कांदा फोडला. तेवढ्याने भागेना म्हणून कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा आणला आणि त्या बिचाऱ्याच्या हलत्या पंजात कोंबू लागली. अल्सेशियनच्या पंजात किल्ल्या राहत नाहीत. दोनदा उडाल्या, तिसऱ्यांदा सोफ्याखाली गेल्या.

आणि मग अविनाशला आठवलं की फिट आली की जीभ घशात जाते. त्याने स्टीलचा चमचा उचलला.

"दादा, तोंडान हात नको घालू!" सत्यवती दारातून किंचाळली.

पण तोवर चमचा आत गेला होता आणि चमच्यामागोमाग अविनाशची तर्जनीही. कर्नलचा जबडा मिटला. चमचा वाकला. बोट बाहेर आलं ते नशिबानेच. कातडी फाटली नव्हती, पण नख जांभळासारखं झालं होतं.

सत्यवती आत आली. पदर खोचला आणि एखाद्या होडीचा तांडेल बोलतो तसं बोलू लागली. "लांब व्हा सगली. जीभ-बीभ कोनी गिलत नाय. ती टीपाय सारा, डोकं आपटंल. तो रेडू बंद करा. पंखा लावा. त्याला धरू नका. आनि कोनतरी घड्याल बगा."

"घड्याळ कशाला?" कळवळत अविनाश म्हणाला.

"माज्या भावाला, आनंदाला हाय ना फेफरं. होडीवर पन येतं. आमी त्याला धरून बसायचो, चार चार मानसं. डाक्तरनी इचारलं किती येल चालतं. आमी बोललो, अर्धा तास. मंग घड्याल लावून बघलं. दोन मिन्टं! दोन मिन्टं, दादा, पन बघनाऱ्याचा जीव अर्धा तास जातो."

अविनाशने मनगटाकडे पाहिलं. मिनिटकाटा जागचा हलत नव्हता. मग पाय सैल झाले. कर्नलने एक लांब उसासा टाकला आणि नुसता पडून राहिला.

"बगा. थांबलं. आता त्याला वलखू नाय येनार कोनी. घाबरू नका, जवल जाऊ नका लगेच. नावानी हाक मारा, हलू."

कर्नल उठला तो वेगळाच कुत्रा होता. कपाटाला धडकला, भिंतीला धडकला, आशालताकडे परक्यासारखं पाहिलं. पंधरा मिनिटांनी तो सरळ दाराशी गेला आणि सत्यवतीच्या पाटीत नाक घालून बसला.

"हा बगा, गिऱ्हाइक," सत्यवती म्हणाली. "हा भाव नाय करत."

आशालताला रडता रडता हसू फुटलं. पण कुंपणापाशी वेगळीच गडबड होती. समोरच्या घरातले काळूराम भोपी, मूळचे विचुंब्याचे, सिडकोला जमीन देऊन टेम्पोवाले झालेले, हातात बांबू घेऊन उभे होते.

"पिसालला हाय. फेस मी सोताच्या डोल्यांनी बघला. मी कुत्र्याची गाडी बोलवतो."

ती गाडी म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्यातून गेलेला कुत्रा परत येत नसे. अविनाश हात जोडून कुंपणापाशी गेला.

"भोपीशेठ, आमच्या साहेबांचा कुत्रा आहे हो."

"साहेबाचा आसंल. पन चावायच्या आदी तो साहेबाला इचारनार हाय का?"

"फेफरं हाय, काळूरामशेट," सत्यवती मध्ये पडली. "पिसाललेला असा मच्छी बघून लाल गालतो का?"

वाटाघाट झाली. अविनाशला वाटाघाटी जमत नसत, पण ही जमली. भोपींनी टेम्पोने सगळ्यांना जुन्या पनवेलला डॉक्टरांकडे न्यायचं. डॉक्टर पिसाळला म्हणाले तर गाडी बोलवायची. नाही म्हणाले तर भोपींनी बांबू घरात ठेवायचा. निघताना अविनाशने कर्नलचं सगळं सामान पिशवीत भरलं, कारण मालाबरोबर आलेली वस्तू मालाबरोबरच राहिली पाहिजे ही त्याची अकरा वर्षांची शिस्त. भोपींनी टेम्पो हाकला तो केबिनच्या दोन्ही काचा वर करून, मे महिन्यात.

जनावरांचा सरकारी दवाखाना रविवारचा बंद होता, पण डॉक्टर गावंड मागच्याच क्वार्टरमध्ये बनियनवर पेपर वाचत होते. त्यांनी कर्नलचा वास घेतला.

"कांदा फोडलात वाटतं?"

"हो," आशालता म्हणाली.

"चप्पल?"

"हो."

"किल्ल्या?"

अविनाशने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"उपयोग झाला?"

"थांबली ना फिट," आशालता जरा उसळून म्हणाली.

"ती आपली आपणच थांबणार होती, ताई. चप्पल नेमकी थांबायच्या वेळेला पोचते, म्हणून तिचं नाव होतं."

त्यांनी कर्नलला नीट तपासलं, डोळ्यांत बॅटरी मारली, फाइल उघडून लसीची तारीख पाहिली. जानेवारीत लस दिलेली होती, त्याआधीच्या वर्षीही. "पिसाळण्याची लक्षणं दिसत नाहीत. तरी दहा दिवस लक्ष ठेवा," ते भोपींना म्हणाले. भोपींनी बांबू टेम्पोतच ठेवला होता, ते ओशाळून टेम्पोकडे बघू लागले. मग डॉक्टरांनी अविनाशचं बोट धरलं. साबणाने पाच मिनिटं धुवायला लावलं. "कातडी शाबूत आहे. तरी माणसांच्या डॉक्टरला आज दाखवून या. आणि फिट आलेल्याच्या तोंडात पुन्हा काही घालायचं नाही, कुत्रा असो की मेव्हणा."

मग प्रश्न सुरू झाले. डोक्याला मार? नाही. उंदराचं औषध, घरात काही सांडलेलं? नाही. खाणं बदललं? बांगडा, पण तो पहिल्यापासून.

"औषध काही?"

"काही नाही. शक्तीच्या गोळ्या होत्या, त्या हिने बंद केल्या. उष्ण पडतात म्हणून."

"दाखवा."

अविनाशने पिशवीतून बाटली काढली. डॉक्टरांनी एक गोळी तळहातावर घेतली, मग लेबल वाचलं, मग पुन्हा गोळी. "लेबलवर लिहिलंय तपकिरी, साखरेचं आवरण. आत पांढरी, चपटी. कधी द्यायला सांगितली होती?"

"सकाळी आठ, रात्री आठ. चुकवायची नाही म्हणून तीनदा बजावलं."

"कुत्र्याला शक्ती घड्याळ लावून कोण देतं, टिपणीस?"

फाइलवर मुंबईच्या ज्या डॉक्टरांचा शिक्का होता त्यावर घरचा नंबरही होता. डॉक्टर गावंडांनी ट्रंक कॉल न लावता तो थेट फिरवला. इकडे बाकावर अविनाश, आशालता आणि भोपी असे तिघे एका रांगेत, आणि पायाशी कर्नल. "हो... अल्सेशियन, कर्नल... असं? दोन वर्षं?... किती?... बरं, बरं." फोन ठेवून ते वळले.

"ह्याला दोन वर्षांपासून फिट येतात. ही फेनोबार्बिटोन, फिटची गोळी. हिच्यामुळे आठ महिने एकही आली नव्हती. ही अशी एकदम बंद केली की दाबून ठेवलेली फिट उसळी मारते. आत्ता एक द्या, आणि पुन्हा आठ आणि आठ. बरा होईल म्हणत नाही, पण नीट जगेल. अशी कुत्री म्हातारी होऊन मरतात."

अविनाश बाकावर मागे टेकला. अडीच तासांत पहिल्यांदा त्याच्या छातीत पुरती हवा शिरली. कुत्रा मरत नव्हता. कुत्रा पिसाळला नव्हता. ज्या क्षणी हे दोन्ही समजलं त्या क्षणी त्याला जांभई आली, आणि मग हसू, आणि मग आशालताचा अपराधी चेहरा दिसला.

"उष्ण!" तो म्हणाला.

"शिल्लक!" ती म्हणाली.

बरोबरी झाली.

"पुन्हा एखादी येईल कदाचित, गोळी अंगात मुरेपर्यंत," डॉक्टर म्हणाले. "पाच मिनिटांवर गेली, किंवा एकीतून सावध व्हायच्या आत दुसरी आली, तर वेळ न घालवता इथे आणायचा. एरवी काय करायचं ते?"

"घड्याळ बघायचं," अविनाश म्हणाला.

"कुणी शिकवलं?"

"मासेवालीने."

"मग मी काय सांगू? लिहून ठेवत जा. तारीख, वेळ, किती चालली, आधी काय झालं, नंतर काय."

"त्यांचा धंदाच तो हाय," भोपी म्हणाले.

स्टोअरमध्ये प्रत्येक मालाच्या खणाला एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड लटकतं, बिन कार्ड म्हणतात त्याला. आलं किती, गेलं किती, कुणी नोंदवलं, खाली सही. अविनाशने एक कोरं बिन कार्ड घरी आणलं आणि कर्नलच्या गादीच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं. पहिल्या ओळीत रविवार आला. दुसरी ओळ मंगळवारी संध्याकाळी सहा दहाला भरली. ह्या वेळी घरात कुणी ओरडलं नाही. आशालताने टीपॉय सरकवला, पडदा ओढला, डोक्याखाली जुनी गोधडी सारली आणि हात मागे बांधून उभी राहिली. अविनाशने मोठ्याने सेकंद मोजले. खिडकीबाहेरून भोपींनी विचारलं, "किती झाला?" "एक चाळीस," अविनाश म्हणाला, आणि फिट थांबलीच. कर्नलने डोळे उघडले तेव्हा आशालता लांबूनच त्याच्या नावाने हाका मारत होती. कांदा त्या संध्याकाळी फक्त भाजीत पडला.

पुढच्या सतरा ओळींत एकच शब्द होता, नाही. नाही, नाही, नाही. अविनाशने आयुष्यात इतकी गोड नोंद केली नव्हती.

साहेब यायच्या आदल्या दिवशी मात्र त्याची भूक मेली. कार्ड खिळ्यावरून काढून तो म्हणाला, "हे फाडतो. कुत्रा ठणठणीत आहे. कळणार कुणाला?"

"तुमची खुर्ची जाईल म्हणून?"

"गोळ्या आपण बंद केल्या, आशा. साहेबांचा कुत्रा आपल्या हातून मरत होता. असं लिहून कुणी सही करतं का?"

आशालताने कार्ड त्याच्या हातातून घेतलं. "त्या बाईने लपवलं म्हणून मी चुकले. आता आपण लपवलं तर उद्या त्या दुसऱ्या कुणाकडे ठेवतील, बाटली तीच, लेबल तेच. वरवंटा लावून झोपायची सवय आहे मला. हे ठेवा तिथेच."

दुसऱ्या दिवशी मोहिते पतिपत्नी आली. कर्नलने त्यांना पाडायचंच बाकी ठेवलं. अरुंधतीबाईंच्या हातात चॉकलेटचा डबा होता आणि डोळे सारखे फ्रिजकडे जात होते.

"त्रास नाही ना दिला त्याने?"

"छे, छे," अविनाश म्हणाला.

"गोळ्या... शक्तीच्या..."

"आठ आणि आठ," आशालता म्हणाली, "मध्ये पाच दिवस सोडून." आणि तिने कार्ड साहेबांच्या हातात दिलं.

विश्वजीत मोहिते उभ्या उभ्या वाचत गेले. कारणाच्या रकान्यात अविनाशच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: गोळ्या आम्ही बंद केल्या, आमची चूक, त्या कशाच्या ते सांगितलेलं नव्हतं. खाली सही.

अरुंधतीबाईंचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. "नणंदेला खरं सांगितलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "तिने दारातूनच परत पाठवला. फिट म्हटल्यावर कोण ठेवून घेतं? तुम्ही घेतला असता?"

"नसता घेतला," आशालता म्हणाली. मग कर्नलच्या कानामागे खाजवत म्हणाली, "आता घेईन. पण बाटलीवर खरं लेबल लावून आणा."

साहेबांनी कार्ड खिशात ठेवलं. "दोन घरांच्या चुका एका ओळीत बसवल्यात, टिपणीस. माझ्या स्टोअरमध्ये स्वतःची चूक लिहून खाली सही करणारा माणूस मी अजून पाहिला नव्हता." दारात ते थांबले. "एक तारखेपासून नऊला या."

आता कुणी काय किंमत मोजली ते पाहू. अविनाशने एक नख मोजलं. ते जूनमध्ये गळलं आणि दिवाळीपर्यंत नवं आलं. घराने एक चमचा मोजला, तो आशालताने वाकडाच ठेवलाय, मिठाच्या बरणीत. भोपींनी एका रविवारचा टेम्पो आणि थोडा रुबाब. अरुंधतीबाईंनी मान खाली घातली, ती दोन मिनिटंच, पण बघणाऱ्यांना अर्धा तास वाटली. आशालताने आपली हुज्जत मोजली: सत्यवतीने भाव सांगितला की ती आता एकदाच नाही म्हणते, तेही रीत म्हणून. कर्नलने काही मोजलं नाही, उलट दोन किलो वाढून गेला आणि दर सुट्टीत यायचा हक्क घेऊन गेला.

खरी किंमत मोजली ती बाळू निकमने. तो अजून तिन्ही पाळ्या करतो, आणि रात्रपाळीच्या बसमध्ये शेजाऱ्याला सांगत असतो की टिपणीसने साहेबांना नक्की काहीतरी चारलं. बायकोचा दमा मात्र तेव्हाच बरा झाला.